बुद्धिबळातील नित्य कूटाभ्यास

पटावर मांडलेल्या एखाद्या निवडक स्थितीतून मात, मोहऱ्यांचा लाभ किंवा हरत्या बाजूस बरोबरी कशी साधेल, हे एकही मोहरे न हलविता केवळ विचाराने शोधून काढण्याचा रोजचा अल्पकालीन अभ्यास. अशा स्थितीस बोलीत कोडे व ग्रंथांतून कूटप्रश्न म्हणतात. पूर्ण डावास काही तास आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी लागतो. कूटास पाव तास आणि एक पट पुरतो. पाटण तालुक्यात धरणाच्या निमित्ताने वसलेल्या कोयनानगरसारख्या गावी, जेथे पावसाळ्याचे चार महिने झड लागून राहते आणि बरोबरीचा खेळाडू रोज भेटेलच असे नाही, तेथे हा अभ्यास विशेष सोयीचा ठरतो.

इतिहास : नवव्या शतकातील अरबी बुद्धिबळपटू अल्-अदली याने अशा स्थितींचा संग्रह केला होता. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर पेशवाईच्या अखेरच्या काळातील त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा उल्लेख अगत्याचा आहे. त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यात प्रामुख्याने पटावरील बिकट स्थितीच दिलेल्या असून शिकाऊ खेळाडूची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीस व्यायाम घडावा, हे प्रयोजन मुखपृष्ठावरच नमूद आहे. प्याद्यास पहिल्या चालीतही एकच घर देणाऱ्या देशी पद्धतीऐवजी युरोपीय नियम तेथे पत्करलेले आहेत.

कोयनानगरावरून वाहणारी कोयना नदी कऱ्हाडास कृष्णेस मिळते आणि पुढे कृष्णाकाठीच सांगली लागते. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली आणि मंडळाच्या स्पर्धांमुळे सांगलीचे नाव देशभरच्या खेळाडूंच्या तोंडी झाले. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच नगरीच्या. अशा स्पर्धेच्या कसोटीस उतरण्यापूर्वी चालींच्या गणिताची जी तयारी घरी व्हावी लागते, तीत कूटाभ्यासाचे स्थान मोठे आहे.

पद्धती : एक उदाहरण पाहू. काळा राजा एच ८ वर, हत्ती एफ ८ वर, प्यादी जी ७ व एच ७ वर. पांढरा राजा जी १ वर, वजीर सी ४ वर आणि घोडा जी ५ वर. चाल पांढऱ्याची. घोडा एफ ७ वर जाऊन शह देतो. हत्तीने तो मारल्यास काळ्याची शेवटची ओळ उघडी पडते आणि वजीर सी ८ वर येऊन पुढच्या चालीत मात करतो. राजा जी ८ वर सरकल्यास घोडा एच ६ वर उडी घेतो आणि घोडा व वजीर या दोघांचा शह एकदम बसतो, त्यामुळे राजास पुन्हा एच ८ वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. आता वजीर जी ८ वर आत्मार्पण करतो. घोड्याचा जोर असल्याने राजास तो मारता येत नाही, हत्तीस मारावाच लागतो, आणि घोडा एफ ७ वर परतून, आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजास मात देतो. ही युक्ती लुसेना याच्या १४९७ च्या स्पॅनिश ग्रंथात आढळते.

अभ्यासाचा शिरस्ता असा, की प्रतिपक्षाचे प्रत्येक उत्तर मनात तपासून शेवटपर्यंतचा क्रम कागदावर उतरावा आणि मगच उत्तराशी रुजुवात घालावी. पहिली चाल बरोबर, पण पुढील गणित अपुरे, असे उत्तर चूकच धरावे. चुकलेली कोडी निराळ्या वहीत नोंदवून काही दिवसांच्या मुदतीने पुन्हा सोडवावीत. एका रविवारी शंभर कोडी उरकण्यापेक्षा रोज पाच-सहा कोडी अशा खातरजमेने सोडविणे अधिक फलदायी होते.

मानसशास्त्रीय आधार : डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट याच्या १९४६ च्या प्रबंधाने आणि चेस व सायमन यांच्या १९७३ च्या प्रयोगांनी असे दाखवून दिले, की निष्णात खेळाडू प्रत्यक्ष डावातील स्थिती क्षणभर पाहून बहुतांशी जशीच्या तशी मांडू शकतो, परंतु मोहरी वाटेल तशी विखुरली, की त्याचे हे श्रेष्ठत्व जवळजवळ लोपते. म्हणजे त्याचे सामर्थ्य अलौकिक स्मृतीत नसून परिचित रचनांच्या संचयात असते, आणि हा संचय वाढविण्याचे नित्य कूट हे एक सुलभ साधन आहे. आत्मविश्वासाचा उगमही येथेच आहे. एखादा डाव प्रतिपक्षाच्या चुकीनेही जिंकता येतो, त्यामुळे त्या विजयावरून स्वतःची पारख होत नाही; कूटात मात्र आपले गणित खरे की खोटे याचा निवाडा त्याच बैठकीत लागतो, आणि वारंवार खऱ्या ठरलेल्या गणितावर बसलेला विश्वास घड्याळाची टिकटिक चालू असतानाही सहसा डळमळत नाही.

मर्यादा : कोडे मांडले, की त्यात काही तरी मिळविण्यासारखे आहे हे सोडविणाऱ्यास आधीच कळलेले असते, डावात ही सूचना कोणी देत नाही. केवळ वजिराच्या आत्मार्पणाची सवय जडलेला खेळाडू म्हणूनच साध्या स्थितीतही नसलेली मात शोधीत बसतो. यास्तव संग्रहात बचावाची एकमेव चाल शोधावयाची कूटे, प्याद्यांचे अंतिम डाव आणि स्वतःच्या हरलेल्या डावांतील स्थिती यांचाही समावेश असावा, आणि आठवड्यातून निदान एक सावकाश डाव खेळून तो चालींसह नोंदवावा. सुटलेल्या कोड्यांची संख्या ही प्रगतीची खूण मानू नये. पूर्वी चुकलेले कोडे मुदतीनंतर संपूर्ण गणितासह सुटले किंवा नाही, हाच तिचा विश्वसनीय पुरावा होय.