मिन्कोव्स्कीचे अंतर
* येथे अभिप्रेत असलेले अंतर युक्लिडच्या भूमितीतले नव्हे. हर्मान मिन्कोव्स्की यांनी २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन येथील व्याख्यानात अवकाश आणि काळ यांची एकत्रित भूमिती मांडली. पायथागोरसच्या प्रमेयात वर्गांची बेरीज होते. येथे काळाच्या वर्गातून अवकाशाचा वर्ग वजा होतो. पृथ्वीवरच्या घड्याळाप्रमाणे ५ वर्षांत ३ प्रकाशवर्षे एकसमान वेगाने कापणारे यान घ्या : २५ − ९ = १६, म्हणून यानातल्या घड्याळात ४ वर्षेच भरतात. हे गणित वाचकाने कागदावर स्वतः करून पाहावेच. विशिष्ट सापेक्षतेचा गाभा या वजाबाकीत आहे. व्यापक सापेक्षतेत वस्तुमान व ऊर्जा यांच्यामुळे अवकाश-काळ वक्र होतो आणि ही वक्रताच गुरुत्वाकर्षण म्हणून जाणवते. त्यासाठी लागणारी रीमान यांची भूमिती आइन्स्टाइन १९१२ पासून झुरिकमध्ये आपले वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान यांच्या मदतीने शिकले. अंतिम समीकरणे नोव्हेंबर १९१५ मध्ये हाती आली. पुढील प्रकरणापूर्वी गोलावरचा एक त्रिकोण काढावा : उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे ९० अंश दूर असलेले दोन बिंदू. त्याचे तिन्ही कोन काटकोन भरतात; वक्रतेची ओळख तिथूनच करून घ्यावी. — संपा.