अनाशी ढाकाचा सण : बेने इस्राएलांची सणनामे आणि संहितेचा प्रश्न

मराठी सणांची यादी करताना 'दारफाळणीचा सण', 'शिळा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा सण' किंवा 'अनाशी ढाकाचा सण' ही नावे सहसा कोणाच्या लेखणीत येत नाहीत. वस्तुतः ही सारी नावे अस्सल मराठी आहेत. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, खेड्यांत कित्येक पिढ्या ती बोलली गेली. मात्र ज्यांनी ती घडविली ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यू होत. पदव्युत्तर वर्गात भाषासंपर्क हा घटक शिकविताना मी ही नावे फळ्यावर लिहितो. 'खिरीचा' आणि 'बिरड्याचा' ही नावे विद्यार्थ्यांना लगेच कळतात. 'दारफाळणी'पाशी ते अडतात, कारण फाळणी म्हटले की त्यांना १९४७ आठवते. 'अनाशी ढाकाचा' या नावापाशी तर सारा वर्ग गप्प होतो. त्या शांततेचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम नावांचा अर्थ पाहू. ज्यू वर्षाच्या प्रारंभी, तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी, येणारा रोश हशाना हा बेने इस्राएलांचा 'नव्याचा सण'. त्याच महिन्याच्या चौथ्या दिवशी नव्या धान्याची खीर करून, धूप जाळून 'खिरीचा सण' होत असे. दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी उपवास करावयाचा, पांढरी वस्त्रे ल्यावयाची आणि दारे लावून घरात राहावयाचे, बाहेरच्यांचा स्पर्श टाळावयाचा. म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. पूर्वजांचे आत्मे त्या वेळी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात, अशी समजूत होती. तो दुसरा दिवस 'शिळा सण', दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. अदार महिन्यातला पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. एलूल महिन्यातल्या उपवासांना 'रमजान' म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन, आव महिन्याची नवमी, हा 'बिरड्याचा सण'; त्याची ओळख वालाच्या बिरड्यावरून. आणि निसान महिन्यातला पेसाह, म्हणजे मिसर देशातील दास्यातून मुक्ती झाल्याचा उत्सव, हा 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट कालवण साठविण्याचे मातीचे भांडे. आठ दिवस ते ढाकून, म्हणजे झाकून, ठेवावयाचे.

या नामावलीकडे पाहण्याच्या दोन सोप्या दृष्टी आहेत. दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. पहिली ऱ्हासाची दृष्टी. तिच्या मते मूळ हिब्रू नावे, ग्रंथ आणि विधी विसरलेल्या समाजाने शेजाऱ्यांच्या चालीरीतींतून ही कामचलाऊ नावे उचलली. दुसरी समन्वयाची दृष्टी. तिला या नावांत भारतीय सहिष्णुतेचा आणखी एक दाखला सापडतो. पहिली दृष्टी नावांत केवळ अभाव पाहते, तर दुसरी केवळ मिश्रण. नाव निर्माण करताना समाजाने काय निवडले, काय टाकले आणि त्या निवडीमागे कोणते आकलन होते, हा वाङ्मयीन प्रश्न दोघीही विचारीत नाहीत.

'अनाशी ढाकाचा' हेच नाव घ्या. तोरा या पंचग्रंथात पेसाहसंबंधी जी आज्ञा आहे तिच्या केंद्रस्थानी हामेत्स, म्हणजे आंबविलेले धान्य, आहे. ते खावयाचे नाही, घरात ठेवावयाचेही नाही. कारण मिसर देशातून निघालेल्या दासांपाशी कणीक आंबू देण्याइतका वेळ नव्हता. गव्हाची आंबवून फुगविलेली भाकरी हे ज्यांचे रोजचे अन्न, त्या प्रदेशांत या निषेधाचा अर्थ उघड होता. परंतु कोकणच्या तांदळाच्या मुलखात घरात 'आंबणारे' असे काय असते? तर अनास. ग्रंथ हाती नसताना, बिनखमिराच्या भाकरीचा विधी विस्मृतीत गेला असतानाही या समाजाने निषेधाचे मर्म पकडले आणि ते स्वतःच्या चुलीपाशी जे आंबट होते त्याला लावले. धर्मशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हे चुकीचे असेल, कारण सर्वच आंबट पदार्थ हामेत्स नव्हेत. पण अनुवाद म्हणून पाहिले तर हा शब्दाचा नव्हे, कार्याचा अनुवाद आहे.

बिरड्याबाबतही असेच काहीसे म्हणता येईल. ज्यू परंपरेत शोकाच्या जेवणात मसूर आणि अंडी यांना स्थान आहे. कोकणातील वालाचे बिरडे त्या मसुराच्या जागी आले की स्वतंत्रपणे, हे सिद्ध करणे शक्य नाही. आणि साम्य म्हणजे उगम नव्हे, हे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. 'खिरीचा सण' तर याहून अडचणीचा आहे. ज्यू पंचांगात तिश्रीच्या चतुर्थीला असा कोणताही उत्सव नाही. तेव्हा ही नामावली म्हणजे हिब्रू सूचीचा शब्दशः प्रतिबिंबित झालेला आरसा नव्हे. शिवाय तिच्यात काही जागा रिकाम्या आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मक्काबींच्या विजयाशी निगडित असलेला हनुक्का जुन्या कोकणी प्रथेत नव्हता. या रिकाम्या जागेवरूनच आपले पूर्वज त्या घटनेआधी मायभूमी सोडून निघाले असावेत, असा दावा समाजातील इतिहासकारांनी केला. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा त्या दाव्याला पूरक ठरली.

येथे साधनांचा विचार करणे आवश्यक आहे. ही नावे आपल्याला आज जी उपलब्ध आहेत ती प्रामुख्याने हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्यामुळे. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. म्हणजे ज्या भाषेत ही नावे जगली त्या भाषेत त्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, आणि ज्या भूमीत ती जगली तेथे तो छापला गेला नाही. केहिमकरांचा हेतू समाजाचे प्राचीनत्व आणि अस्सलपणा प्रस्थापित करणे हा होता. त्यामुळे मराठी नाव आणि त्याचे हिब्रू प्रतिरूप यांची जोडी लावणे त्यांना अपरिहार्य वाटले. ही जोडी लागताच मराठी नाव हे 'खऱ्या' नावाचे टोपणनाव ठरते. आपण आज ज्याला मौखिक परंपरा म्हणतो ती अशा रीतीने तिच्या दुरुस्तीच्या क्षणीच प्रथम नोंदली गेली, ही गोष्ट विसरता येत नाही.

ही दुरुस्ती कशी झाली? समाजाच्या स्मृतीत तिचा आरंभ दावीद राहाबी या आगंतुकापासून होतो. त्याने स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे बाजूला काढले. त्यावरून हे लोक ज्यू आहेत अशी त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते, तर काही अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी घालतात. तिथी बाजूला ठेवली तरी कथेचा आशय लक्षणीय आहे. परीक्षक ग्रंथ जाणणारा पुरुष आहे. उत्तर मात्र स्त्रियांनी दिले आहे, तेही शब्दाविना, हातांनी. संहिता आणि आचार यांचे नाते इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते 'शनिवार तेली', हे शेजाऱ्यांनी दिलेले नावही त्याच जातीचे. काय केले जाते यावरून नव्हे, तर काय केले जात नाही यावरून येथे ओळख ठरली. हिब्रूतील 'शेमा' ही एकेश्वरत्वाची घोषणा तेवढी मुखोद्गत होती. सुंता, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी तीच म्हटली जाई.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनहून शिक्षक आले, आणि मिशनरीही आले. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना अपेक्षित होते धर्मांतर. घडले ते वेगळेच. मराठीतून आलेल्या हिब्रूने या समाजाला त्याचा तोरा परत मिळवून दिला. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहच्या रात्री वाचावयाचा 'हाग्गादा' हिब्रू मूळ आणि मराठी अनुवाद यांसह शिळाछापावर निघाला. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र हाग्गादात पेसाहची भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी वेशात, जमिनीवर बसून काम करताना दाखविल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांचे विपुल अनुवाद केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएलांचे कीर्तनही उभे राहिले. अब्राहाम, योसेफ, एलिया यांची आख्याने मराठी छंदांत आणि कीर्तनाच्या चालीवर गाईली जाऊ लागली.

तोरा-अध्ययनाची ज्यू कल्पना लक्षात घेतली म्हणजे या कीर्तनाचे महत्त्व कळते. तोराचे वाचन हे एकदा संपवावयाचे पारायण नव्हे. वर्षभर दर शब्बाथला एक भाग वाचून शेवट गाठला की त्याच दिवशी पुन्हा आरंभ करावयाचा असतो. मूळ कथनात जेथे मौन आहे, जेथे पात्र काय बोलले हे सांगितलेले नाही, तेथे प्रश्न विचारून ती जागा भरणाऱ्या भाष्यपरंपरेला 'मिद्राश' म्हणतात. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान रंगविताना दुसरे काय करतो? मोरिया पर्वताकडे पुत्रासह निघालेला अब्राहाम वाटेत काय म्हणाला असेल, हा प्रश्न मिद्राशकारांना पडला तसाच कीर्तनकारालाही पडणार. दोन भिन्न परंपरांतील व्याख्यानपद्धती येथे एकमेकींना ओळखतात. हे श्रेय नारदीय कीर्तनाच्या लवचीकपणाला जसे, तसेच ते हाताळणाऱ्या बेने इस्राएल कीर्तनकारांच्या मर्मज्ञतेलाही दिले पाहिजे.

मात्र लाभाबरोबर हानीही नोंदविली पाहिजे. पेसाह आला आणि अनास गेली. काही वर्षांपूर्वी अलिबाग तालुक्यातील एका घरी पेसाहच्या रात्री मला बसावयास मिळाले. हाग्गादा हिब्रूत वाचला गेला, मधूनमधून मराठीत. सर्वांत लहान मुलाने रीतीप्रमाणे प्रश्न विचारले : ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? वाचन आटोपल्यावर मी घरातील वृद्ध स्त्रीला विचारले, "मावशी, अनाशी ढाकाचा सण हे नाव तुमच्या कानावर आहे का?" त्या हसल्या. "नाव आजीच्या तोंडी होतं. भांडं काही मी पाहिलं नाही." वस्तू गेल्यावर नाव एक पिढी टिकते आणि मग तेही जाते. वर्गातील शांततेचे कारण मला त्या रात्री कळले.

हे केवळ स्मरणरंजन नव्हे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. तेथे १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या पीठाने, बेने इस्राएलांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश काढला. घटस्फोट आणि विधवाविवाह यांसंबंधीचे रब्बीप्रणीत नियम या समाजाने कोकणात पाळले होते काय, हा शंकेचा मुद्दा होता. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये भेदभाव दूर करण्यात आला. अनासीचे तोंड आठ दिवस बांधणाऱ्या आजीच्या नातवंडांकडे कागदाचा पुरावा मागितला गेला, असे या प्रसंगाचे सार सांगता येईल. संहितेपासून दूर राहून जपलेल्या निष्ठेचे मोल संहितेच्या मापाने करावयाचे, ही अडचण एकट्या ज्यू समाजाची नाही. आपल्याकडील ओवी, दंतकथा, ग्रामदैवतांचे विधी यांच्या अभ्यासातही 'मूळ ग्रंथ कोणता?' हा प्रश्न आपण प्रथम विचारतो आणि आचाराने केलेले भाष्य 'लोकसमजूत' म्हणून तळटीपेत ढकलतो.

मराठी वाङ्मयेतिहासाने या व्यवहाराला दिलेली जागा अत्यल्प आहे. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विचार निदान फादर स्टीफन्सपासून होतो. बेने इस्राएलांचे अनुवाद, कीर्तने, नियतकालिके यांचा सलग विचार मात्र समाजशास्त्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो. इस्राएलमध्ये गेलेल्यांनी 'मायबोली' हे मराठी त्रैमासिक चालविले, ही गोष्टदेखील आपल्या मराठी विभागांत क्वचितच उच्चारली जाते. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. शासनाला जे दिसले ते वाङ्मयाच्या अभ्यासकाला दिसण्यास प्रत्यवाय नसावा.

तेव्हा या नामावलीकडे विस्मृतीची खूण म्हणून न पाहता वाचनाची एक पद्धत म्हणून पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे. ग्रंथ नसतानाही वाचन चालू राहू शकते. ते दाराशी, चुलीशी, मासळीच्या पाटीशी चालते. पुढे ग्रंथ मिळतो तेव्हा त्या वाचनाने ग्रंथालाही काही प्रश्न विचारावयाचे असतात. १८७४ च्या हाग्गादातील जमिनीवर बसलेल्या त्या स्त्रिया ते प्रश्न मूकपणे विचारीत आहेत. उत्तर देण्याची पाळी आता मराठीच्या अभ्यासकांची आहे.