जुनी जीप, बदललेले पाटे आणि कोंडाण्याची वाट

या मालिकेत आपण घाटवाटांवर बोललो, रेल्वेवर बोललो. आजचा विषय ऐकून काहींनी आम्हाला आधीच विचारलं, 'जुनी फोर-व्हील जीप घेऊन ती आडवाटेसाठी बदलायची, हा इतिहासाचा विषय की गॅरेजचा?' प्रश्न बरोबर आहे. तासाभरात आम्ही एवढंच दाखवणार आहोत की जीप बदलणं हा शनिवार-रविवारच्या हौशी लोकांनी काढलेला शोध नाही. जीप या देशात आली तेव्हापासून ती बदलतेच आहे. कुणी बदलली, का बदलली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिलं की गेल्या पाऊणशे वर्षांचा एक तुकडा हाताला लागतो.

सुरुवात कोंडाण्यापासून करू. कर्जतजवळचं हे गाव उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी आहे. इथली बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची मानतात. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं, असा लेख तिथे कोरलेला आहे. चैत्याचं तोंड नीट पाहा. तुळयांची टोकं, कमानी, कठडे, सगळं लाकडी बांधकामासारखं दिसतं, पण आहे दगड. साधन बदललं, आकार तोच ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, जीपकडे आल्यावर आपल्याला ती लागणार आहे.

या डोंगराच्या अंगाखांद्यावरून नवं जग वर चढत गेलं. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, घाटातली रेल्वे १८६३ मध्ये, आणि खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. कोंडाण्याहून वर राजमाचीला जाणारी चढण मात्र अजूनही पायवाटच आहे. गाडी न्यायची तर ती लोणावळ्याकडून, तुंगार्लीवरून उधेवाडीला जाते. तोही रस्ता पावसाळ्यात रस्ता म्हणावा असा राहत नाही. खाली कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, भाताची खाचरं, ओढे आणि वाड्या. अशा मुलखात साधी मोटार जिथं थांबते, तिथून जीपचं काम सुरू होतं.

आता जीप आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर ब्रह्मदेश आघाडीच्या कितीतरी गाड्या हिंदुस्थानात 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिजच्या जीपचे सुटे भाग बोटीने आणून माझगावला जोडायला सुरुवात झाली. म्हणजे आपल्याकडची जीप मुंबईच्या गोदीलगत जन्मली. कर्जत तिथून लोकलच्या अंतरावर.

पहिला मोठा बदल कंपनीनेच केला. युद्धकाळातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला होते. विलिजने नंतर इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला. इंजिन २१९९ सीसीचंच राहिलं, ताकद वाढली, पण उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ मध्ये बॉनेटच उचलून सीजे-३बी हे मॉडेल काढलं. आपल्याकडचे जुने मेकॅनिक आजही जीपची जात यावरूनच सांगतात: 'लो बॉनेट' की 'हाय बॉनेट'. अमेरिकेत त्या मॉडेलची फारशी कुणाला आठवण नाही; महिंद्रामुळे भारतात तेच जीपचं रूप ठरलं. सरकारी कचेरीबाहेर उभी असलेली, मागच्या फळीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेली जीप तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना नक्की आठवत असेल.

सैन्यानेही जीप बदलली. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने. माल वाहायची, निरोप पोचवायची गाडी तोफेचा गाडा झाली.

पण गावातल्या माणसाने जीप बदलली ती तेलाच्या भावाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. वापरलेल्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा शहरोशहरी जोरात सुरू झाला. कंपनीनेही तोच मार्ग धरला: आधी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरवरून आलेलं डिझेल इंजिन, मग प्यूजोचं २११२ सीसीचं. दर्शनी जाळीतल्या सात खाचा मात्र तशाच राहिल्या. कोंडाण्याच्या कारागिराने लाकडाचा आकार दगडात ठेवला, इथं पेट्रोलचा आकार डिझेलवर ठेवला. बाहेरून तीच जीप, आत दुसरंच काही.

या इंजिनबदलाचे परिणाम फार लांबवर गेले. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसले. ते कमी फेऱ्यांवर जास्त जोर देतं, म्हणून चढणीला उत्तम. पण त्याच्या एकूण फेऱ्याच कमी, आणि पेट्रोलसाठी ठेवलेल्या गिअरिंगवर गाडी सपाट रस्त्याला नुसती ओरडते, पळत नाही. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळतो, डिझेलला वेगळा पंप लावावा लागतो. ज्यांनी पंप न लावता बूस्टर बसवला, त्यांना घाटात पाय दुखेपर्यंत ब्रेक दाबावा लागला. एक गोष्ट बदलली की चार बदलाव्या लागतात. आडवाटेसाठी गाडी करणाऱ्यांना आजही हाच धडा पुन्हा शिकावा लागतो.

आडवाटेसाठी नेमकं काय करतात, ते आता पाहू. मूळ जीपमध्ये पाटा ॲक्सलच्या खालून जातो. मेकॅनिक ॲक्सलच्या वरच्या अंगाला नव्या बैठका वेल्ड करतात आणि पाटा वर घेतात. ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी मिळून चासी चारपाच इंच उचलली जाते. नवा पाटा घ्यावा लागत नाही, म्हणून खर्च कमी. पाहणाऱ्याला वाटतं, झाली गाडी उंच. पण जमिनीला सगळ्यात आधी टेकतो तो डिफ्रन्शियलचा गोळा, आणि तो होता तिथंच राहतो! तो उचलायचा तर टायर मोठा हवा. टायरचा व्यास दोन इंच वाढला, तर गोळा एकच इंच वर येतो. आणि टायर मोठा झाला की गिअर आपोआप लांब पडतो, म्हणजे ज्या चढणीसाठी खटाटोप केला तिथंच गाडी दमते.

आम्ही स्वतः हे भोगलंय. आमच्या एका जुन्या जीपचे पाटे असेच वर घेतले. गाडी रुबाबदार दिसली, आम्ही खूश. पण उंची वाढल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला होता, तो कोणीच पाहिला नाही. ब्रेकचा रबरी पाइपही जुन्याच लांबीचा. चाळीसच्या वेगाला गाडी थरथरू लागली आणि एका ओढ्यात चाक खाली लोंबलं तेव्हा पाइप ताणून फुटायचाच बाकी राहिला. चूक गॅरेजची तेवढीच आमचीही. आम्ही फक्त उंची मागितली होती.

दुसरी गोष्ट डिफ्रन्शियलची. साधा डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत गेलं की त्याला लागणारा जोर जवळजवळ शून्य, मग दुसऱ्यालाही तेवढाच. म्हणून चारही चाकांची म्हणवणारी जीप दोन चाकं अधांतरी गेली की जागच्या जागी गरगरते. यावर महागडा उपाय म्हणजे लॉकर. स्वस्त उपाय म्हणजे आतले गिअर वेल्ड करून टाकणं. चिखलात ते चालतं. डांबरी रस्त्यावर वळताना मात्र बाहेरचं चाक जास्त पळायला बघतं, आतलं कमी, आणि दोन्ही एकमेकांना खेचतात. टायर झिजतात, ॲक्सल तुटतो, ओल्या घाटात गाडी सरळच जाते.

तिसरी गोष्ट पाणी. डिझेलला स्पार्क लागत नाही, म्हणून भिजून ते पेट्रोलसारखं बंद पडत नाही. यावरून लोक समजतात की डिझेल जीप पाण्यातून कुठूनही जाते. पण हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हवेची नळी छताच्या उंचीला नेतात, ॲक्सलच्या श्वासनळ्याही वर घेतात. एवढं करूनही इथल्या ओढ्यांना वरच्या डोंगरावरचं पाणी अचानक येतं, त्यावर कुठलाच सुटा भाग उपयोगी नाही. गावकरी थांब म्हणाला की थांबावं.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. इंधनबदलासारखे काही अपवाद आहेत, तेही परवानगीने. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका पक्की केली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे आज रस्त्यावर असलेली जुनी जीप दर पाच वर्षांनी विचारली जाते: तू अजून तीच आहेस का?

आम्हाला हा प्रश्न इतिहासकाराच्या अंगाने फार मोलाचा वाटतो. नियम कडक असण्यामागे कारण आहे. उंच केलेली, आखूड चाकअंतराची गाडी सहज उलटते, आणि उलटताना समोरच्याचाही जीव धोक्यात घालते. पण त्याच वेळी, कागदावर 'मूळ' असलेली जीप आपल्याकडे जवळजवळ कधी नव्हतीच. त्या काळात ज्यांनी जीप पोसली, त्यांनी ती बदलूनच पोसली. त्या कामाची नोंद फारशी सापडत नाही. मेकॅनिक म्हातारे झाले, त्यांच्याबरोबर ती विद्या चालली.

शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला टाळायचा नाही. पूर्वी जीप शेतावर जायची ती बी-बियाणं, आजारी माणूस, लाकूडफाटा घेऊन. आता कर्जत-खालापुरात सुट्टीच्या दिवशी उंच केलेल्या गाड्या येतात त्या चिखलासाठीच. रुंद टायर खाचराच्या बांधावरून गेला तर बांध फुटतो, पाणी निघून जातं आणि लावणी वाया जाते. शेतकऱ्याने तो बांध हाताने घातलेला असतो. गाडी बदलायला एक लाख घालणाऱ्याने बांध ओलांडण्याआधी एक हाक मारायला हवी, इतकं साधं आहे हे.

तर मंडळी, ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना आमची विनंती. काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका. कोणतं इंजिन कधी, कुठे बसवलं ते वहीत लिहा. परवानगी लागते तिथे ती घ्या. आणि तुमच्या घरी जुन्या जीपचा फोटो असेल, वाडीवर, बाजारात, लग्नाच्या वरातीत, तर त्यामागे साल आणि गाव लिहून ठेवा. लो बॉनेट की हाय बॉनेट, एवढं ओळखता आलं तरी काळ कळतो. आता प्रश्न घेऊ.