आशेचं बिल कोण भरतं? सिएटल मरिनर्स, १९९५

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो, तेवढं गाळलंय.

तर मी सॉफ्टवेअरवाला, आणि आमची अर्धी टीम बसते अमेरिकेत, सिएटलला. सप्टेंबर आला की आमच्या कॉलची पहिली पाच मिनिटं बेसबॉलला जातात. मरिनर्स प्लेऑफमध्ये जाणार का? एक पंचविशीतला मुलगा गणित मांडतो: आपण एवढ्या जिंकल्या, ते तेवढ्या हरले, तर अजून चान्स आहे. आयपीएलमध्ये आपण नेट रन रेटचा हिशेब करतो ना, अगदी तसंच. आमचे एक साठीला टेकलेले सीनियर मात्र शांत असतात. ते एवढंच म्हणतात, "मी १९९५ पाहिलंय."

एकदा मी विचारलंच, "असं झालं काय होतं १९९५ ला?" त्यांनी सांगितलं, मग मी वाचत सुटलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिएटलला टीम गमावण्याचा अनुभव होता. १९६९ मध्ये तिथे पायलट्स नावाची टीम आली, एकच सीझन खेळली, दिवाळखोरीत निघाली आणि मिलवॉकीला गेली. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९७७ मध्ये मरिनर्स आले. पण खेळ असा, की जिंकलेल्या मॅचेस हरलेल्यांपेक्षा जास्त, असा पहिला सीझन उजाडायला १९९१ साल लागलं. तोवर मालक टीम विकायच्या बेतात होता आणि ती फ्लोरिडाला जाणार अशी चर्चा होती. १९९२ मध्ये वाचवलं कोणी? निन्टेन्डोच्या हिरोशी यामाउची यांनी. हो, मारिओवाली निन्टेन्डो!

टीम राहिली, पण स्टेडियमचे हाल होते. किंगडोम म्हणजे काँक्रीटचं छत असलेलं अवाढव्य स्टेडियम. जुलै १९९४ मध्ये मॅचच्या आधी त्या छताच्या टाइल्स प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पडल्या. नशीब, गेट अजून उघडले नव्हते. मालकांनी स्पष्ट सांगितलं की नवं स्टेडियम हवं. नाहीतर? नाहीतर काय, टीम विकणार.

आता या १९९५ मध्ये. खेळाडूंच्या संपामुळे सीझन १६२ ऐवजी १४४ मॅचेसचा. मे महिन्यात टीमचा हिरो केन ग्रिफी ज्युनियर कॅच घेताना भिंतीवर आदळला आणि त्याचं मनगट मोडलं. ऑगस्टच्या सुरुवातीला मरिनर्स पहिल्या नंबरच्या कॅलिफोर्निया एंजल्सपेक्षा १३ मॅचेसनी मागे होते. एवढी पिछाडी दोन महिन्यांत भरून निघत नाही. पण ग्रिफी परतला, एंजल्स घसरत गेले आणि १४४ मॅचेसनंतर दोघांचे विजय सारखेच झाले, ७८. मग निकालासाठी एक जादा मॅच. रँडी जॉन्सनने बॉलिंग टाकली आणि मरिनर्सनी ती ९-१ अशी जिंकली. इतिहासात पहिल्यांदाच टीम प्लेऑफमध्ये.

पण याच धामधुमीत, १९ सप्टेंबरला किंग काउंटीत मतदान झालं होतं: स्टेडियमसाठी सेल्स टॅक्स वाढवायचा का? लोकांनी अगदी थोड्या फरकाने 'नाही' म्हटलं.

आणि मग ८ ऑक्टोबर. समोर न्यूयॉर्क यँकीज, मालिका २-२ अशी बरोबरीत, पाचवी मॅच अकराव्या इनिंगमध्ये, आपण ५-४ ने मागे. एडगर मार्टिनेझने डावीकडे फटका मारला. एक रन आला, बरोबरी झाली, आणि पहिल्या बेसवरून सुटलेला ग्रिफी थेट होमपर्यंत पळत आला. ६-५! सिएटलमध्ये आजही त्या फटक्याला नुसतं 'द डबल' म्हणतात.

पुढच्या फेरीत क्लीव्हलँडने हरवलं. पण त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून स्टेडियमच्या पैशांची सोय केली गेली. त्यात हॉटेलमधल्या खाण्यापिण्यावर आणि भाड्याच्या गाड्यांवर टॅक्स. म्हणजे जे लोकांनी मतपेटीतून नाकारलं, ते वेगळ्या वाटेने आलं. जुलै १९९९ मध्ये नवं स्टेडियम उघडलं, २००० मध्ये किंगडोम स्फोटकांनी पाडला. आणि आता ऐका: त्या पाडलेल्या किंगडोमचं कर्ज फिटलं २०१५ मध्ये! इमारत नाही, हप्ते मात्र चालूच.

बरं, नव्या स्टेडियमने यश आणलं का? २००१ मध्ये ११६ विजय, विक्रमाची बरोबरी. त्यानंतर मात्र थेट २०२२ पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. २०२५ मध्ये अंतिम फेरी एका मॅचवर आली होती, तीही निसटली. त्या सीझनपर्यंत वर्ल्ड सीरिज कधीच न खेळलेली ही एकमेव टीम.

मला वाटायचं की "चान्स आहे का" ही चर्चा म्हणजे टाइमपास. आता तसं वाटत नाही. टीम शहर सोडून जाऊ शकते, फॅन टीम सोडू शकत नाही. हे मालकांनाही माहीत असतं, नेत्यांनाही. त्यामुळे फॅनची आशा ही त्यांच्या हातातली सगळ्यात मोठी ताकद ठरते. पण मग टीम जाऊ द्यायची होती का? इथे माझं उत्तर अडतं, कारण ती गेली असती तर २०२२ ला आनंदाने रडायला त्या शहरात कोणी उरलं नसतं.

मी सीनियरांना विचारलं, "तुम्ही मत काय दिलं होतं?"

"विरोधात. शाळांना पैसे नव्हते, स्टेडियमला कुठून द्यायचे? आणि तीन आठवड्यांनी ग्रिफी पळत आला तेव्हा मी लहान मुलासारखा रडलो."

"मग आता मतदान झालं तर?"

ते हसले. "पुन्हा विरोधातच. आणि मॅचही बघेन."

तुम्ही काय केलं असतं? कॉमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडला.