पतमाहिती अहवालातील दुरुस्ती

पतमाहिती अहवालातील दुरुस्ती म्हणजे कर्जदाराच्या परतफेडीच्या इतिहासात आलेली चुकीची, अपूर्ण किंवा कालबाह्य नोंद बदलून घेण्याची प्रक्रिया होय. भारतात ही प्रक्रिया पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ या कायद्यानुसार चालते. तिच्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही व ती कर्जदाराला स्वतःच पूर्ण करता येते. चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे हा कर्जदाराचा हक्क आहे. परंतु खरी नोंद केवळ प्रतिकूल आहे म्हणून काढून टाकता येत नाही.

पार्श्वभूमी

भारतातील पहिली पतमाहिती कंपनी 'सिबिल' २००० साली मुंबईत स्थापन झाली. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना भारतीय रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेला आहे. अहवालावर आधारित पतगुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. पहिल्या कंपनीच्या नावावरून मराठी बोलीत या गुणांकालाच 'सिबिल' म्हटले जाते.

बँका, बिगरबँक वित्तीय कंपन्या आणि इतर कर्जदात्या संस्था आपल्या कर्जखात्यांची माहिती या कंपन्यांना ठरावीक काळाने पुरवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला देणे बंधनकारक झाले. पतमाहिती कंपनी कर्ज मंजूर वा नामंजूर करत नाही. तो निर्णय कर्जदाती संस्था घेते. मात्र अहवालातील एका चुकीच्या नोंदीमुळे गृहकर्ज वा शैक्षणिक कर्ज नाकारले जाऊ शकते किंवा अधिक व्याजदराने मिळू शकते.

प्रतिकूल नोंदींचे प्रकार

विलंबित हप्ते: हप्ता देय तारखेनंतर किती दिवस थकला, याची महिनावार नोंद. सिबिलच्या अहवालात ती मागील ३६ महिन्यांपर्यंतची दिसते.

'सेटल्ड': तडजोडीने देय रकमेपेक्षा कमी रक्कम भरून खाते मिटवल्याची नोंद. पूर्ण परतफेडीनंतर येणाऱ्या 'क्लोज्ड' या नोंदीपेक्षा ती वेगळी असते.

'रिटन ऑफ': बँकेने थकीत कर्ज निर्लेखित केल्याची नोंद. निर्लेखन ही हिशेबाची बाब असल्याने कर्जदाराची देयता त्यामुळे संपत नाही.

जामीनदाराची नोंद: दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीच्या अहवालातही ते कर्ज दिसते आणि ते थकल्यास तिची पत बाधित होऊ शकते.

फेडलेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज जोडले जाणे, एकच कर्ज दोनदा नोंदले जाणे आणि पॅन क्रमांकाचा गैरवापर करून परस्पर घेतलेले कर्ज दिसणे, या नेहमी आढळणाऱ्या चुका आहेत.

जुन्या नोंदींचा कालावधी

सात वर्षांनंतर प्रतिकूल नोंद आपोआप पुसली जाते, असा समज प्रचलित आहे. अमेरिकेतील १९७० च्या संघीय कायद्यानुसार बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर, तर दिवाळखोरीची नोंद दहा वर्षांनंतर अहवालात दाखवता येत नाही. भारतीय नियमांतही सात वर्षांचा उल्लेख आहे. पण पतमाहिती किमान तेवढा काळ जतन करावी, असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे न फेडलेले जुने कर्ज केवळ काळ लोटल्याने अहवालातून नाहीसे होईल, असे गृहीत धरता येत नाही.

दुरुस्तीची पद्धत

प्रत्येक पतमाहिती कंपनीने व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा आदेश आहे. चारही कंपन्या स्वतंत्र नोंदी ठेवत असल्याने एका अहवालातील चूक दुसऱ्यात असेलच असे नाही; म्हणून चारही अहवाल तपासणे उपयुक्त ठरते.

चूक आढळल्यास संबंधित पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा थेट कर्जदात्या संस्थेकडे तक्रार नोंदवता येते. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला, खातेउतारा आणि तडजोडपत्र ही कागदपत्रे पुरावा म्हणून जोडतात. परस्पर घेतलेल्या कर्जाच्या बाबतीत पोलीस तक्रारीची प्रतही उपयोगी पडते.

अधिनियमाच्या कलम २१ नुसार अशा विनंतीवर ३० दिवसांत कार्यवाही करावी लागते. मात्र कर्जदात्या संस्थेने दुरुस्ती योग्य असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनी नोंद बदलू शकत नाही. वाद न्यायालय, न्यायाधिकरण किंवा लवादापुढे प्रलंबित असल्यास तोपर्यंत संस्थेच्या दप्तरातील नोंदच ग्राह्य धरली जाते.

'सेटल्ड' ही नोंद खरी असेल, तर ती तक्रारीने बदलत नाही. तडजोडीत सोडून दिलेली रक्कम भरण्याची तयारी कर्जदाराने दाखवली आणि संस्थेने ती स्वीकारली, तर बेबाकी दाखला मिळून खाते 'क्लोज्ड' म्हणून कळवले जाऊ शकते. पूर्वीच्या विलंबाच्या नोंदी त्यामुळे लगेच जात नाहीत.

भरपाई आणि दाद

रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास तक्रारदाराला पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. कर्जदात्या संस्थेने सुधारित माहिती २१ दिवसांत पाठवली नसेल, तर भरपाईची जबाबदारी तिच्यावर असते. वेळेत पाठवूनही विलंब झाल्यास ती पतमाहिती कंपनीवर येते. दुरुस्ती नाकारल्यास कारणे कळवणेही बंधनकारक आहे.

पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या. कंपनीकडून ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

मध्यस्थांचे दावे

शुल्क घेऊन 'सिबिल साफ करून देण्याची' हमी देणाऱ्या जाहिराती सर्रास आढळतात. नोंद बदलण्यास कर्जदात्या संस्थेचे प्रमाणीकरण आवश्यक असल्याने मध्यस्थाला कर्जदारापेक्षा वेगळा अधिकार नसतो. चुकीच्या नोंदीबाबत तो जी तक्रार दाखल करतो, ती कर्जदार स्वतःही करू शकतो. खरी नोंद पुसून देण्याची हमी मात्र त्याला पाळता येत नाही. अशा व्यवहारात पॅन, आधार आणि बँक खात्याचा तपशील परक्या हाती जाऊन नव्या फसवणुकीचा धोका निर्माण होतो.