दातांत दडलेला प्लेग

किरगिझस्तानात इसिक-कूल सरोवराच्या परिसरातली दोन जुनी ख्रिस्ती कबरस्तानं १८८५ ते १८९२ या काळात खणली गेली. दगडांवर सिरियाक लिपीत मृतांची नावं आणि वर्षं कोरलेली होती. साल असलेल्या ४६७ दगडांपैकी ११८ दगड १३३८-३९ या दोनच वर्षांतले निघाले. काहींवर मृत्यूचं कारणही होतं: महामारी.

पण कुठली महामारी, हे दगडांवर लिहिलेलं नव्हतं.

ते उलगडलं दातांतून. दाताच्या आतल्या पोकळीत रक्त खेळतं. रक्तात जंतू भिनले की तेही तिथे पोहोचतात आणि माणूस गेल्यावर दाताचं कठीण कवच त्यांच्या डीएनएचे तुकडे शतकानुशतकं जपतं. संशोधक दात कापून आतली भुकटी काढतात. तिच्यात बहुतेक डीएनए मातीतल्या जिवाणूंचा असतो; त्यातून प्लेगचा वेचायला प्लेगच्या जंतूच्या डीएनएचा मूळ नकाशा हवा. तो २००१ साली तयार झाला. जवळपास ४६.५ लाख डीएनए-अक्षरांचा! त्याच्या आधारे २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफिल्डमधल्या, १३४८-५० च्या साथीत पुरलेल्यांच्या दातांतून प्लेगचा जनुकसंच जुळवला गेला. २०२२ मध्ये किरगिझ कबरस्तानांची पाळी आली. सात जणांचे दात तपासले, तिघांत प्लेग सापडला.

जंतू वाढताना डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. ही चूक पुढच्या पिढ्यांत उतरते, म्हणून चुका ताडून वंशावळ मांडता येते. तिच्यात किरगिझ जंतू नेमका फाट्याच्या आधी बसतो. तिथून प्लेगच्या चार शाखा फुटल्या. त्यांतल्याच एका शाखेचा वंशज १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचला. अलेक्झांडर येरसँ यांनी तिथेच या जंतूचा शोध लावला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवीत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग्याच्या गाठी पाहून प्लेगचं निदान केलं. पुढच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

जनुकं जंतूची वाट दाखवतात. मांडवीच्या कोंदट खोल्यांत माणसं का मेली, हे मात्र नगरपालिकेच्या दप्तरांत आणि कुटुंबांच्या आठवणींतच शोधावं लागतं. इतिहासकाराला दोन्ही हवं.

जनुकांनी अलीकडचा एक वादही मिटवला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा ताप आणि सुरतेत फुप्फुसाचा रोग पसरला, तेव्हा हा खरंच प्लेग आहे का, यावरून डॉक्टरांत मोठा वाद झाला. हैदराबादच्या सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी) या संस्थेतल्या संशोधकांनी जंतूंची जनुकीय ओळख पटवून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: प्लेगच.