वृद्धनिवास आणि बाहेरची नजर

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा एकाच वाटेने जाते. मुलांनी आईबापांना घरी सांभाळावे की तेथे पाठवावे, पाठविणारा कृतघ्न म्हणावा की परिस्थितीने गांजलेला, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. पण त्या दाराच्या आत गेल्यावर म्हाताऱ्या माणसाचे काय होते, रात्री दोन वाजता त्याला तहान लागली तर कोण उठते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आज आम्ही तोच प्रश्न घेतला आहे आणि तो इतिहासाला विचारणार आहोत. कारण ज्या देशांना तो आपल्या आधी पडला, त्यांना त्याच्या उत्तराशी पोहोचायला दीडशे वर्षे लागली.

प्रारंभी एक खुलासा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचे लहानसे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया आटोपली की चार दिवसांत माणूस घरी परततो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ, जेथे दुबळी माणसे कायमची राहतात आणि जेथे त्यांना उठविणे-बसविणे, न्हाऊ-जेवू घालणे हे सारे दुसऱ्याच्या हातांनी होते, असे घर. आमचे बोलणे या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

या घरांचा पूर्वज म्हणजे इंग्लंडमधील वर्कहाऊस. 1834 साली तेथे दरिद्री लोकांसंबंधीचा नवा कायदा झाला. वर्कहाऊसमध्ये राहणाऱ्याची स्थिती बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही कमी सुखाची असावी, म्हणजे आळशी लोक तिकडे फिरकणार नाहीत, असे त्याचे तत्त्व होते. हिशेब धडधाकट माणसांसाठी मांडलेला होता; पण वर्कहाऊसे भरत गेली ती म्हातारे, आजारी, पंगू आणि पोरकी मुले यांनी. आळशाला धाक बसावा म्हणून ठरविलेले जेवण आणि अंथरूण पक्षाघाताने पडलेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला आले. त्याची शुश्रूषा करीत तेथल्याच त्यातल्या त्यात हिंडत्याफिरत्या बायका. त्यांना वेतन नसे. थोडे जास्तीचे अन्न आणि बिअर मिळे. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. मग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची कोणी?

1853 साली लुइझा ट्वायनिंग नावाची एक स्त्री लंडनच्या स्ट्रँड भागातील वर्कहाऊसमध्ये आपल्या ओळखीच्या एका वृद्ध दाईला भेटायला गेली. चहाच्या व्यापारात नावाजलेल्या ट्वायनिंग घराण्यातली ही मुलगी. आत जे दिसले त्याने ती अस्वस्थ झाली आणि तेथील रहिवाशांना नियमितपणे भेटण्याची परवानगी तिने मागितली. प्रथम नकारच मिळाला. कारभाऱ्यांना बाहेरचे माणूस आत नको होते. तिने पिच्छा सोडला नाही, आणि 1858 साली वर्कहाऊसना भेटी देणाऱ्या लोकांची एक संस्थाच उभी राहिली.

पुढे डिसेंबर 1864 मध्ये टिमथी डेली नावाच्या आयरिश मजुराचा मृत्यू गाजला. तो लंडनच्या होबर्न वर्कहाऊसमध्ये आजारी पडून होता. अंथरुणात पडून पडून त्याच्या अंगाला खोल जखमा झाल्या होत्या. या जखमांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. माणूस एकाच कुशीवर फार वेळ राहिला की हाड आणि गादी यांमध्ये दाबलेल्या मांसाला रक्त पोहोचत नाही. कातडी लाल होते, काळवंडते आणि फुटते. बहुतेक वेळा हे टाळता येते, आणि त्यासाठी महागडे औषध लागत नाही. थोड्या थोड्या वेळाने कूस बदलावी, अंथरूण कोरडे ठेवावे, पोटात पुरेसे अन्न जावे, एवढेच. पण ते रोज करावे लागते आणि रात्रीही करावे लागते. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ ही त्या घरची खरी हजेरीवही असते.

डेलीच्या मृत्यूनंतर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने 1865 साली तीन डॉक्टरांना लंडनच्या वर्कहाऊसमधील रुग्णविभाग पाहण्यास पाठविले. हे सरकारी काम नव्हते. डॉक्टर गेले, त्यांनी पाहिले आणि लिहिले. दाटीवाटी, कोंदट हवा आणि पगारी परिचारिकांचा दुष्काळ ही हकीकत छापून आल्यावर सरकारला डोळे मिटून बसणे कठीण झाले. 1867 साली लंडनपुरता कायदा होऊन आजाऱ्यांसाठी वेगळी रुग्णालये काढण्याचे ठरले आणि त्यांच्या खर्चासाठी साऱ्या शहराचा एक सामाईक निधी केला गेला. तोवर ज्या वस्तीत गरिबी अधिक तिच्यावरच गरिबांचा भार अधिक, असा उफराटा न्याय चालला होता.

त्याच वेळी लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमध्ये दुसरा प्रयोग चालू होता. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने पैसा दिला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने मार्गदर्शन केले, आणि 1865 साली ॲग्नेस जोन्स बारा शिकलेल्या परिचारिका घेऊन तेथील रुग्णविभागात दाखल झाली. निराधारांनाही शिकलेल्या हातांची शुश्रूषा मिळू शकते, हे तिने दाखवून दिले. 1868 साली टायफसच्या तापाने ती गेली, तेव्हा तिचे वय अवघे पस्तीस होते.

येथे गोष्ट संपती तर फार बरे झाले असते. पण सुधारणा एकदा करून ठेवली की टिकते, असे इतिहासात आढळत नाही. 1948 च्या कायद्याने इंग्लंडमधील जुनी व्यवस्था मोडीत निघाली. यापुढे वृद्धांसाठी लहान, घरगुती निवास असतील असे ठरले. त्यानंतर दहा वर्षांनी पीटर टाउनसेंड हे समाजशास्त्रज्ञ असे 173 निवास स्वतः पाहत हिंडले. त्यांचे पुस्तक 1962 साली प्रसिद्ध झाले. पाटी बदलली होती. पण हजारो म्हातारी माणसे त्याच जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींत राहत होती.

अमेरिकेने निराळी वाट धरली. 1965 पासून सरकार वृद्धांच्या आणि गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च देऊ लागले आणि खासगी निवास भराभर वाढले. जानेवारी 1970 मध्ये ओहायो राज्यातील मॅरिएटा गावी अशाच एका निवासाला आग लागली. इमारत नवी होती. पण रबराचे अस्तर असलेल्या गालिच्याचा धूर मार्गिकांत भरला आणि तीसहून अधिक वृद्ध मृत्युमुखी पडले. अशा घटनांनंतर चौकशा झाल्या, आणि अखेर 1987 साली मोठा कायदा झाला. रहिवाशाला केवळ सोयीसाठी पलंगाला बांधून ठेवता येणार नाही, गुंगीच्या औषधाने गप्प बसविता येणार नाही. प्रत्येकाच्या प्रकृतीची लेखी तपासणी झाली पाहिजे. सेवकांना निदान 75 तासांचे शिक्षण हवे. आणि दोन तपासण्यांमध्ये 15 महिन्यांहून अधिक काळ जाता कामा नये, तीही आगाऊ न कळविता, अशी त्यातील कलमे आहेत. यानेही सारे आलबेल झाले नाही. पण बांधून ठेवण्याची रीत पुष्कळ कमी झाली.

2020 साली करोनाच्या साथीत अनेक देशांनी या निवासांची दारे भेटीस येणाऱ्यांना बंद केली. कॅनडात पहिल्या लाटेतील मृत्यूंपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू अशा निवासांतले होते. मनुष्यबळ संपले तेव्हा तेथे लष्कर बोलवावे लागले. सैनिकांनी म्हाताऱ्यांना भरविले, धुतले-पुसले, आणि आत काय पाहिले ते लिहून वरिष्ठांना कळविले. तो अहवाल मे महिन्यात प्रसिद्ध झाला तेव्हा देश हादरला. 1865 मध्ये तीन डॉक्टरांनी जे केले तेच या सैनिकांनी केले. ते बाहेरून आले होते, म्हणून त्यांना दिसले.

या साऱ्यातून आम्हांला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. अशा घरांतील हाल बहुधा दुष्टपणातून होत नाहीत. रात्रपाळीला एकच बाई आणि कूस बदलायची माणसे चाळीस, असे असेल तर ती कितीही प्रेमळ असली तरी कोणाची तरी पाठ फुटणारच. दयाबुद्धीने निवास उघडता येतो. सुरक्षित मात्र तो पुरेशा शिकलेल्या हातांनी, लिहिलेल्या नोंदींनी आणि न सांगता येणाऱ्या बाहेरच्या माणसाने राहतो.

2011 च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. 2007 च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान 150 जणांचा एक निवास असावा, आणि तेथील सेवेचा दर्जा राज्य सरकारांनी ठरवून द्यावा, असे सुचविले आहे. कायदा आपले काम करो. पण लुइझा ट्वायनिंगपाशी कायदा नव्हता. ती केवळ एका ओळखीच्या म्हातारीला भेटायला गेली होती. आपल्या गावात असा निवास असेलच. आपण तेथे वाढदिवसाला फळे आणि मिठाई घेऊन जातो, छायाचित्र काढतो, परततो. एकदा कसलाही सण नसताना, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे. शेवटच्या खाटेवरच्या माणसाजवळ बसावे आणि रात्री हाक मारली तर कोण येते, एवढेच त्याला विचारावे.